उलटी लोकल : मुंबईहून सोपारा-वसई, एका दिवसात

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये रेंज गेली म्हणून अर्ध्यावर तुटलं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे इकडेतिकडे भरकटलो ते थोडं आवरलंय. सगळं नाही.

गेले काही आठवडे तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरतोय. मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी येता येईल, खायला काहीतरी वेगळं मिळेल, जरा इतिहास असेल, जरा झाडं असतील आणि खिसा फाटणार नाही, अशी जागा सांग. तुम्हाला वाटलं असेल मी लोणावळा म्हणेन, कर्जत म्हणेन, फार तर माथेरान. मी म्हणतोय, नालासोपारा.

हसून घ्या. मी थांबतो.

मी नालासोपाऱ्यात वाढलो. बाबा लालबागच्या चाळीतून इथे आले, कारण तेव्हा परवडणारं घर इथेच होतं. कॉलेज दक्षिण मुंबईत. पहिल्या वर्षी कुणी विचारलं, "कुठे राहतोस?" तर मी म्हणायचो, "विरारच्या जरा अलीकडे." आता विरारच्या अलीकडे काय आहे हे सगळ्या मुंबईला माहीत आहे, पण नाव घ्यायची लाज वाटायची. पावसाळ्यात रुळावर पाणी भरलं की आमच्या स्टेशनचे फोटो, गर्दी दाखवायची तर आमच्या प्लॅटफॉर्मचे व्हिडिओ, आणि मीम्सबद्दल तर बोलायलाच नको. आपलं गाव म्हणजे एक विनोद आहे असं मीही कधीतरी मान्य करून टाकलं होतं.

म्हणून आजचा भाग थोडा वैयक्तिक आहे. सहलीचा प्लॅन सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. चर्चगेटहून विरार साधारण ६० किलोमीटर. या एका रेल्वेमार्गावर तीन राजधान्या आहेत. मुंबई ही त्यातली सगळ्यात नवी. उरलेल्या दोन कुठल्या, ते बघायला आपण चाललोय.

तर रविवारी सकाळी सातच्या आसपास चर्चगेट, दादर किंवा अंधेरीहून विरारची गाडी पकडा. बसायला जागा मिळेल. हो, विरार लोकलमध्ये, बसायला! कारण आपण उलटे चाललोय. सकाळी सगळं जग विरारहून मुंबईकडे धावत असतं.

ही धाव किती जुनी आहे माहितीये? मुंबई-बडोदा मार्गाच्या कंपनीने गुजरातकडून रूळ आणत १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत गाडी पोहोचवली. मग १२ एप्रिल १८६७ ला या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी सुरू झाली, विरार ते बॅकबे. बॅकबे स्टेशन तेव्हा चर्चगेटच्या जवळपास होतं. दिवसाला एकच गाडी. सकाळी पावणेसातला विरारहून सुटायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत. म्हणजे पहिल्या दिवसापासून वेळापत्रक नोकरी-धंद्याला जाणाऱ्याचं. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. आमच्या बाबांनी तीसेक वर्षं जे केलं, ते त्या गाडीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. थांबे मोजकेच होते. त्यात आमचं स्टेशन होतं, 'नीला' असं काहीतरी नाव लिहिलेलं. नाळा हे एक गाव आणि सोपारा हे दुसरं, दोन्ही मिळून नालासोपारा. इंग्रजांना पहिलंच ऐकू आलं असावं.

उतरा. पश्चिमेला या. पोटात काहीतरी टाका, स्टेशनबाहेर वडापाव, इडली, पोहे सगळं मिळतं, उगाच शोधत बसू नका. आणि रिक्षावाल्याला सांगा, "बौद्ध स्तूप." काही जण "सोपारा स्तूप" म्हणतात. गर्दीच्या रस्त्यातून, दुकानांतून, इमारतींच्या मधून रिक्षा जाते आणि मग अचानक एक मोकळी, झाडांची जागा येते. मधोमध विटांचा एक मोठा ढिगारा. खरं सांगतो, पहिल्यांदा बघितलं तर निराशाच होते. इथे ना तोरण, ना शिल्पं, साचीसारखं काहीच नाही. विटा आणि गवत.

१८८२ पर्यंत तर हा स्तूप आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. गावातले लोक या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा कुणी राजा होता आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत. मग इथे आले पंडित भगवानलाल इंद्रजी. मूळचे जुनागढचे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेणारा हा माणूस. इंग्रजी औपचारिक शिक्षण बेताचं, पण जुनी लिपी वाचण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारा. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी टेकाड मधोमध खणायला घेतलं.

आत एक मोठी दगडी पेटी निघाली. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती धातूच्या आठ लहान मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. एकात एक. सोबत सोन्याची बारीक फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. आणि त्या सगळ्यात आतल्या, सोन्याच्या करंडकात काय असेल? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी इतक्या जपणुकीने ते ठेवले होते. खरंच त्याचे होते की नाही, ते सोडा. मला त्या क्रमाचं नवल वाटतं. तांबं, चांदी, स्फटिक, सोनं, आणि सगळ्यात मौल्यवान काय, तर फुटकं मातीचं भांडं.

सोपारा तेव्हा काय होतं? अपरान्ताची, म्हणजे आजच्या कोकणपट्टीच्या उत्तर भागाची राजधानी म्हणून त्याचं नाव येतं. महाभारतात शूर्पारक, पाली ग्रंथांत सुप्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेत 'सुप्पारा' बंदर आहे. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या माणसाने खांब दान केल्याचं कोरलंय. ट्रेकला जाता ना कार्ल्याला? पुढच्या वेळी ते खांब बघताना आमची आठवण काढा.

नाशिकच्या पांडवलेण्यात तर याहून भारी आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख. त्यात तो सांगतो की भरूच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा केल्या, तळी आणि विहिरी खणल्या. आणि नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. त्या नद्यांच्या यादीत एक 'दहाणुका' आहे. डहाणू! पश्चिम रेल्वेच्या नकाशावरचं आपलं डहाणू. साधारण १९०० वर्षांपूर्वी या पट्ट्यात प्रवास करणाऱ्याला मुक्कामाला छप्पर, प्यायला पाणी आणि नदी ओलांडायला तर फुकट, एवढी सोय होती. आज स्तूपाजवळ पाण्याची बाटली सोबत ठेवलेली बरी.

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

त्याच १८८२ मध्ये भगवानलालना सोपाऱ्यात भातेला तळ्याजवळ एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं. सम्राट अशोकाच्या लेखाचा तुकडा निघाला तो. अशोकाने मोठमोठ्या खडकांवर चौदा लेखांचा एक संच देशभर कोरून घेतला होता. म्हणजे सोपाऱ्यातही तो पूर्ण संच असणार, पण हाती लागला तो आठव्या लेखाचा थोडासा भाग. मग १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा तुकडा सापडला. बाकीचे बारा कुठे? कुणाच्या तरी पायरीत असतील, विहिरीच्या कठड्यात असतील, किंवा एखाद्या इमारतीच्या पायाखाली.

आणि आठव्या लेखात काय आहे? सहली. खोटं नाही सांगत! अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघायचे, म्हणजे शिकार, मौजमजा वगैरे. मग आपल्या राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याने धर्मयात्रा सुरू केल्या. त्यात काय करायचं? ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचं. आणि वर म्हणतो, यातच त्याला जास्त आनंद मिळतो.

चौदापैकी नेमका हाच तुकडा आमच्या सोपाऱ्यात उरावा! मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कॉलेजच्या मित्रांची रिसॉर्टवाली पिकनिक आठवली. बसमध्ये बसायचं, गाणी लावायची, पाण्यात पडायचं, परत. गावातल्या एकाही माणसाशी न बोलता परत. ती विहारयात्रा. वाईट नाही हो, मीही केलीये. पण आज आपण दुसरी करतोय.

स्तूपावरून निघालात की जवळच चक्रेश्वर तळं आणि मंदिर. तिथली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती बघा, शिलाहार काळाची आठवण. बंदर म्हणून सोपारा मागे पडलं, खाडी गाळाने भरत गेली, व्यापार ठाणे-कल्याण-चौलकडे सरकला. पण गाव मेलं नाही. तळ्याकाठी बसलेल्या आजोबांना विचारा, ते तुम्हाला परशुरामाची गोष्ट सांगतील. ऐका. अशोकाने सांगितलंय.

इथून पुढे रिक्षा किंवा बसने निर्मळ. पाच-सहा किलोमीटरमध्ये जग बदलतं. इमारती संपतात आणि केळीच्या बागा, नारळ, विहिरी, कौलारू घरं सुरू होतात. निर्मळचं तळं, काठावर शंकराचार्यांचं समाधी-मंदिर, कार्तिकात भरणारी मोठी यात्रा, आणि त्याच गावात होली क्रॉस चर्च. यात्रेत सगळ्या धर्मांचे लोक खरेदीला असतात.

इथली भाषा कान देऊन ऐका. सामवेदी किंवा कुपारी समाजाची बोली, जिला कादोडी म्हणतात, ती मराठीच आहे, पण पहिल्या झटक्यात तुम्हाला अर्धीही कळणार नाही. वाडवळांची वेगळी, आगरी-कोळ्यांची वेगळी. ख्रिस्ती घरातली आजी लाल लुगड्यात दिसेल. आणि मराठी म्हणाल तर याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. २०२४ मध्ये ते गेले.

त्यांचं नाव इथे घेतो त्याला आणखी एक कारण आहे. या बागा आज तुम्हाला दिसतायत त्या आपोआप राहिलेल्या नाहीत. १९८०च्या दशकाच्या शेवटी हा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, विहिरींतलं गोडं पाणी टँकरने उपसून शहरात विकलं जाऊ लागलं. तेव्हा दिब्रिटो आणि इथले लोक रस्त्यावर उतरले, 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हाही गावं त्यातून वगळा म्हणून मोठं आंदोलन झालं. आमच्यासारखे लोक जिथे राहायला आले त्या इमारतीही कुणाच्या तरी भातशेतीवर, मिठागरावरच उभ्या आहेत. हे म्हणताना मला जरा अवघड वाटतं, पण ते आहे. बाबांना घर हवं होतं, कुणाला शेत वाचवायचं होतं. दोघांचंही चूक म्हणता येत नाही.

बरं, खाणं! किती वेळ थांबवलं मी तुम्हाला.

वसईची एक गोष्ट खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही, ती म्हणजे सुकेळी. नावातच सगळं आहे, सुकवलेली केळी. पण कुठलीही केळी चालत नाहीत. राजेळी नावाची लांब, जाड सालीची जात लागते. पूर्ण पिकली की सोलायची आणि मांडवावर उन्हात ठेवायची. रोज बाहेर काढायची, संध्याकाळी आत घ्यायची. आठवडाभर असं केलं की ती आक्रसून मधाच्या रंगाची होतात. मग केळीच्याच वाळक्या सोपटात गुंडाळून बांधायची. साखरेचा कण नाही, तरी गोडी अशी की एक खाल्लं की पाणी मागाल. चिवट असतं, दातांना काम लागतं. पावसाळा संपल्यावर, ऊन कडक झालं की हंगाम सुरू. आगाशी आणि आसपासच्या गावांत मिळतात. मेहनत खूप, राजेळीच्या बागा कमी होत चाललेल्या, म्हणून स्वस्त नसतात. भाव करू नका यार. एका केळ्यामागे आठ दिवस कुणीतरी ढगांकडे बघत बसलेलं असतं.

दुसरं म्हणजे इथल्या ख्रिस्ती घरांतलं जेवण. पोर्क इंदयाल, आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे, बॉटल मसाला. हा मसाला उन्हाळ्यात वर्षभराचा कुटून बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून ते नाव. पण मोठी हॉटेलं शोधू नका, हे घरातलं जेवण आहे. ओळखीतून, आधी सांगून घरगुती जेवण मिळालं तर नशीब. नाहीतर मसाल्याची बाटली विकत घ्या आणि आईला द्या. मासे खायचे असतील तर अर्नाळ्याकडे वळा. तिथे किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला. मराठ्यांनी १७३७ मध्ये तो घेऊन नव्याने बांधला. होडीने जाता येतं, पण मग वसईचा किल्ला आजच्या दिवसात बसणार नाही. मी तरी अर्नाळा वेगळ्या रविवारी ठेवीन. तसंच पूर्वेचं तुंगारेश्वरचं जंगल. पावसाळ्यात धबधब्यांसाठी तिथे इतकी गर्दी होते की झाडांपेक्षा डोकी जास्त.

जेवण झालं की दुपारी तीनच्या सुमारास वसईचा किल्ला. ही आपली दुसरी राजधानी.

तुमच्यापैकी निम्म्यांनी हा किल्ला आधीच पाहिलाय, फक्त माहीत नाही. कोल्डप्लेच्या २०१६ च्या भारतात शूट झालेल्या त्या व्हिडिओत आहे तो. प्री-वेडिंगवाले तर इथे रांगा लावतात. वेलींनी गुंडाळलेल्या भिंती, छप्पर नसलेली चर्चेस, आकाश दिसणाऱ्या कमानी. सुमारे ११० एकरांचा पसारा. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे.

२३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने हुमायूनच्या भीतीने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई त्यांना देऊन टाकली. वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख. त्या मुलखात कोण होतं? मुंबईची सात बेटं. साष्टी. म्हणजे आजचं वांद्रे ते दहिसर. म्हणजे मुख्य वस्तू वसई, आणि मुंबई ही तिच्यासोबत आलेली किरकोळ मालमत्ता. वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी झाली. इथे श्रीमंत सरदारांचे वाडे, मठ, चर्चेस, इस्पितळ, जहाजं बांधायची गोदी. इथला काळा दगड जहाजाने गोव्याला जायचा. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागात वसईचा दगड आहे.

आणि मुंबई? मुंबई बेट पोर्तुगीजांनी भाडेपट्ट्याने दिलं होतं, गार्सिया द ऑर्ता नावाच्या एका वैद्याला. तो राहायचा गोव्यात. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं आणि त्यात तो मुंबईच्या आपल्या आंब्याच्या झाडाचं कौतुक करतो, वर्षातून दोनदा फळ देतं म्हणून. मुंबई म्हणजे एका डॉक्टरचं फार्महाऊस! वसईच्या एखाद्या सरदाराला कुणी म्हटलं असतं की 'जरा शहराबाहेर हवापालट करू', तर तो मुंबईला आला असता.

पोर्तुगीजांचा काळ इथल्या लोकांना सुखाचा गेला असं समजू नका. देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, जमिनी गेल्या. याच शहरात पोर्तुगीज बाप आणि स्थानिक आई यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया मिशनऱ्यांसोबत जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. त्याच्या नावाचं चर्च आमच्याच गास गावात आहे, नालासोपाऱ्याहून जवळ. म्हणजे बुद्धाच्या पात्राचे तुकडे, अशोकाचा दगड आणि पहिला संत, सगळं एकाच रिक्षाच्या टप्प्यात. आणि आम्ही "विरारच्या अलीकडे"!

१६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि मुंबई आंदणात गेली. शाळेत शिकलोय सगळे. शाळेत न शिकवलेला भाग असा की गोव्याच्या व्हाइसरॉयला ते अजिबात पटलं नव्हतं. त्याने ताबा द्यायला १६६५ उजाडवलं आणि इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला, अशा अर्थाचं पत्र आपल्या राजाला लिहिलं. फार्महाऊस गेल्याचं खरं दुःख एकट्या त्यालाच झालं.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. गंगाजी नाईक अणजूरकर, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशा इथल्याच मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ मध्ये साष्टी घेतली, आणि फेब्रुवारी ते मे १७३९ चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. तटाखाली सुरुंग लावले, काही उलटे उडाले, मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. शेवटी सेबास्टियन बुरूज फुटला. किल्ला घेतल्यावर मात्र अप्पांनी शत्रूला बायकामुलांसह, सामानासह सन्मानाने जाऊ दिलं. राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. आज वसईत इतकी चर्चेस नांदती आहेत, त्याचं थोडं मूळ त्या अटींत आहे. किल्ल्यात अप्पांचा पुतळा आहे, तिथे एक मिनिट थांबा. वज्रेश्वरीचं किल्ल्यासारखं मंदिर हेही याच मोहिमेतल्या नवसाचं.

चर्चच्या मनोऱ्यांत आज घंटा नाहीत. त्या विजयाच्या खुणा म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकला. 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ना आपण, खणखणीत आवाजाला? ती घंटा पोर्तुगीज, १७२१ सालची.

वसई पडली तेव्हा घाबरलं कोण? मुंबई. उद्या आपला नंबर लागेल म्हणून व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि इंग्रजांच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला. त्या कोटाचा एक दरवाजा होता चर्चगेट, जिथून आपण सकाळी गाडी पकडली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईच्या मानेत दोरी अडकली. ६३ वर्षांत एकाच जागी एवढा फरक. मी किल्ल्यात जातो तेव्हा समुद्राच्या दरवाजापाशी बसतो. कोळ्यांच्या होड्या समोर, पाठीमागे तो सगळा उद्ध्वस्त डौल. संध्याकाळचं ऊन भिंतींवर येतं तेव्हा फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीतल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरं नीट दिसतात. त्यांवर पाय देऊन फोटो काढू नका, एवढं कराल ना?

काळोखाच्या आत निघा, किल्ल्यात दिवे नाहीत. बस किंवा रिक्षाने वसई रोड, तिथून लोकल. पुन्हा उलटी, पुन्हा रिकामी.

या सहलीचा एक तुकडा मात्र वसई-सोपाऱ्यात नाही. सोपाऱ्याचे करंडक, त्या आठ मूर्ती, ते १३ तुकडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. फोर्टमधला टाउन हॉल, पांढऱ्या खांबांचा, तीस-एक पायऱ्यांचा. सहज बघायला मिळत नाहीत. भुईगावचा अशोकाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. माझे बाबा फोर्टमध्ये नोकरीला होते. कितीतरी दुपारी त्यांनी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्लाय. मागच्या बाजूला नौदलाच्या हद्दीत जुना बॉम्बे कॅसल आहे, तिथेच त्या आंबेवाल्या वैद्याचं घर होतं.

मागच्या वर्षी मी त्यांना मुद्दाम संग्रहालयात घेऊन गेलो. सोपाऱ्याहून मुंबईला, सुट्टीच्या दिवशी, सहलीला. दगडासमोर उभे राहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आपल्याकडचं?"

"हो बाबा. भुईगावचं."

"मग इथे काय करतंय?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. तिथे राहिलं असतं तर पायात गेलं असतं, असं काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. नंतर आम्ही टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी इथे जेवायचो आणि आत आपलं सोनं होतं होय रे!" आणि हसायला लागले.

संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्ट. तुफान गर्दी. बाबांना कशीबशी चौथी सीट मिळाली. अंधेरीला एक मुलगा वाकून विचारतो तसं त्याने विचारलं, "काका, कुठे उतरणार?"

"सोपारा," बाबा म्हणाले. नाला त्यांनी खाल्ला.

चला, पुढच्या भागात भेटू. सुकेळी आणलीत तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि कुठून घेतली ते मला नक्की कळवा, आमचा नेहमीचा माणूस यंदा लावणार नाही म्हणतोय.